चर्चच्या दारातलं पवित्र पाणी: किती स्वच्छ असतं आणि कसं ठेवावं?

बावखल

मी वसईची, आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) लिटर्जी म्हणजे उपासनाविधीच्या कमिटीत आहे. पास्काच्या (ईस्टरच्या) सणाआधी चर्चची साफसफाई असते, त्यात यावेळी मुख्य दाराजवळचं पवित्र, म्हणजे फादरांनी आशीर्वादित केलेल्या पाण्याचं पात्र रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. जुनं संगमरवरी पात्र आहे भिंतीत बसवलेलं, आत स्पंज ठेवलेला असतो म्हणजे मुलं हात बुडवून पाणी उडवत नाहीत आणि पाणी जास्त दिवस पुरतं. तो स्पंज उचलला तर खालून करड्या रंगाचा बुळबुळीत थर ओघळला, पाण्याच्या रेषेच्या वर बोटभर रुंदीचं तेलकट काळपट कडं होतं जे नखाने खरवडलं तरी निघेना, आणि वास तर असा की मी तोंड फिरवलं. दर रविवारी तीन मिस्सा (उपासना), प्रत्येक मिस्साला येताना जाताना शेकडो माणसं त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात, आमच्याकडच्या कितीतरी आज्या तेच ओलं बोट नातवाच्या ओठाला लावतात.

नंतर घरी येऊन वाचायला लागले तर २०१३ साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या एका अभ्यासाची बातमी सगळीकडे गाजली होती असं दिसलं. तिथल्या मेडिकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी चर्चमधलं आणि पवित्र झऱ्यांचं पाणी तपासलं, ८६ टक्के पाण्यात विष्ठेतले जंतू, एका मिलीलिटरमध्ये ६ कोटी २० लाख बॅक्टेरिया वगैरे. आकडे वाचून हबकायला होतं.

मला श्रद्धेवर वाद घालायचा नाहीये, मी स्वतः रोज ती खूण करते आणि करत राहणार. मला हे हवंय की ते पाणी स्वच्छ असावं, कारण आपण ते देवाच्या नावाने अंगाला लावतो. तुमच्या चर्चमध्ये काय करतात, किती दिवसांनी बदलतात, कोण बदलतं, आणि फादरांशी हा विषय कसा काढलात ते सांगा. ज्यांना जंतूंचं शास्त्र कळतं त्यांनी हे आकडे खरे किती तेही सांगा.

सुकेळी

बाय, मी साठी ओलांडलेला माणूस आहे, लहानपणापासून त्याच पात्रात बोट बुडवतोय. ताप आला की आमची आई बाटलीतलं पवित्र पाणी चमच्याने पाजायची, आम्ही सात भावंडं, कुणाला काही झालं नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीत जंतू शोधायची सवय लागलीय. उद्या म्हणाल मूर्तीच्या पायाला हात लावू नका. हे पाणी आशीर्वादित आहे, त्याला प्रयोगशाळेचं माप लावायचं का हा माझा साधा प्रश्न. राग मानू नका.

पेशीभित्तिका

मी पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकवते, कॅथलिक नाही, पण हा व्हिएन्नाचा पेपर वर्गात वापरलेला आहे म्हणून लिहिते, कारण बातम्यांनी त्याची फार मोडतोड केलीये.

तो अभ्यास २०१२ साली पाणी आणि आरोग्य या विषयाच्या जर्नलमध्ये आला, अलेक्झांडर किर्शनर आणि सहकाऱ्यांचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, २१ पवित्र झरे, म्हणजे जिथलं पाणी लोक औषधी समजून पितात, बाटल्या भरून नेतात. दुसरं, १८ चर्च आणि हॉस्पिटलातल्या चॅपलमधलं पात्रातलं पाणी. पिण्याच्या पाण्याच्या निकषात फक्त १४ टक्केच बसले, ते झरे. म्हणजे तो ८६ टक्क्यांचा आकडा झऱ्यांचा आहे, चर्चच्या दारातल्या पात्रांचा नाही. बातम्यांनी दोन्ही एकत्र करून टाकलं आणि जगभर तेच छापून आलं. झऱ्यांमध्ये जंतूंबरोबर नायट्रेटही होतं, ते शेतातल्या खतांमुळे झिरपतं.

आता पात्रांचं. तिथे एकूण बॅक्टेरियाची संख्या सगळीकडेच प्रचंड निघाली, ते कोटीचे आकडे तिथले. पण एकूण बॅक्टेरिया म्हणजे सगळे रोगजंतू नव्हेत, त्यातले बहुतेक आपल्या कातडीवरचे आणि हवेतले निरुपद्रवी असतात. विष्ठेचे दर्शक जंतू, आणि स्यूडोमोनास व स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे दोन रोगजंतू फक्त सगळ्यात जास्त गर्दीच्या चर्चमध्ये सापडले. म्हणजे निष्कर्ष सरळ आहे, जितके जास्त हात तितकं जास्त दूषण. पाणी मुळात घाण नव्हतं, हातांनी केलं.

त्याआधी २००२ मध्ये स्पेनमधल्या सेव्हियाच्या चर्चमधल्या पात्रांवरही पेपर आला होता, तिथेही रोगकारक जंतू सापडले होते. त्यामुळे हे एका शहराचं प्रकरण नाही.

सुकेळी काका, तुमच्या आईच्या चमच्याबद्दल. सुदृढ माणसाच्या पोटातलं आम्ल आणि प्रतिकारशक्ती बरंच काही निभावून नेते, आणि अखंड कातडीला बोटभर पाण्याने सहसा काही होत नाही. धोका आहे तो तान्ह्या बाळाला, म्हाताऱ्या माणसाला, केमो चालू असलेल्याला, डोळ्याला, उघड्या जखमेला. सात जणांना काही झालं नाही याचा आनंदच आहे, पण ज्यांना झालं त्यांना ते कशामुळे झालं हे कळलंच नसेल, जुलाब झाले की आपण आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष देतो.

बावखल

@पेशीभित्तिका, हे झऱ्यांचं आणि पात्रांचं वेगळं असल्याचं कुठेच वाचलं नव्हतं, खूप आभार. म्हणजे मी कमिटीत ८६ टक्के सांगितलं असतं आणि कुणी खोडून काढलं असतं तर सगळाच मुद्दा गेला असता.

एक विचारायचं होतं, आमच्याकडे पाणी संपलं नाही की टाकत नाहीत, वरून भर घालतात. त्याने फरक पडतो का? आणि तो बुळबुळीत थर म्हणजे नक्की काय?

पेशीभित्तिका

फरक पडतो, आणि तीच मुख्य गडबड आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या पात्रात लवकर उडून जातं, वर लोकांच्या बोटांवरून घाम, तेल, कातडीचे कण, फुलांचे पराग, मेणबत्तीची काजळी असं सगळं पडत राहतं, ते जंतूंचं खाद्य. मुंबई-वसईच्या ३० डिग्रीच्या आसपासच्या हवेत ते झपाट्याने वाढतात. बॅक्टेरिया भिंतीला चिकटून आपल्याभोवती चिकट आवरण तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, तुम्ही बघितलेला बुळबुळीत थर तोच. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर त्या थरातले जंतू नव्या पाण्यात उतरतात. घासल्याशिवाय तो जात नाही. आणि स्पंज तर काढूनच टाका, त्याला आत लाखो भोकं, ती कधी सुकत नाहीत, कुणी धुवत नाही.

पायरीवर

मी काही वर्षं सेमिनरीत (फादर होण्याच्या शाळेत) होतो, नंतर बाहेर पडलो पण लिटर्जीचा अभ्यास सुटला नाही, म्हणून फादरांशी कसं बोलायचं यावर लिहितो, कारण हा मुद्दा चर्चच्या बाहेरून आणायची गरजच नाही, आपल्या नियमांतच आहे.

स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) विधीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की पाणी खरं पाणी असावं, आणि प्रतीक म्हणून खरं उतरावं यासाठी तसंच आरोग्यासाठीही ते शुद्ध आणि स्वच्छ असावं. पात्र अगदी निर्मळ असावं हेही तिथेच, गरज पडली तर थंडीत पाणी कोमट करा हेसुद्धा. पास्काकाळाच्या बाहेर प्रत्येक स्नानसंस्काराला पाणी नव्याने आशीर्वादित करणं इष्ट मानलंय. म्हणजे वर्षभर तेच पाणी साठवून ठेवायची जुनी पद्धत चर्चने स्वतःच मागे टाकली आहे.

वरून भर घालण्याची सवय कुठून आली तेही सांगतो. जुनी शिकवण अशी की आशीर्वादित पाण्यात त्याच्यापेक्षा कमी साधं पाणी मिसळलं तर सगळंच पवित्र राहतं. ही मुभा पाणी कमी पडलं तर वेळ निभावण्यासाठी होती, त्याची वर्षानुवर्षांची पद्धत झाली. पात्र कधीच रिकामं करू नये असा नियम कुठेही नाही. उलट गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी पात्रं रिकामी ठेवतात आणि पास्काच्या जागरणविधीत आशीर्वादित केलेलं नवं पाणी भरतात. २००० साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने उत्तर देताना म्हटलं होतं की पास्काआधीच्या अख्ख्या उपवासकाळात पात्रं कोरडी किंवा वाळू भरून ठेवायची काही ठिकाणची पद्धत योग्य नाही, पण पवित्र तीन दिवसांत रिकामी करणं बरोबर आहे. म्हणजे वर्षातून एकदा तरी पात्र तळापर्यंत रिकामं होणं ही परंपराच आहे, ते आठवड्याला केलं तर कुणाचा धर्म बुडत नाही.

जुनं पाणी गटारात किंवा बेसिनमध्ये ओतू नका एवढंच. सॅक्रिस्टीत (विधीच्या तयारीच्या खोलीत) सॅक्रारियम नावाचं बेसिन असेल, ज्याचा पाइप थेट मातीत जातो, तर तिथे, नाहीतर बागेत झाडाच्या मुळाशी जिथे पाय पडत नाही तिथे.

सुकेळी

मुळाशी ओतायचं हे आम्ही केलंय, आमचे वडील सॅक्रिस्टीचं काम बघायचे, ते जांभळाच्या झाडाला घालायचे. आणि हो, ते भर घालायचे हेही खरं. पण त्या काळी विहिरीचं पाणी होतं बाय, गोडं आणि गार. आता टँकरचं येतं.

बावखल

काका तेच तर. आमच्या चर्चच्या आवारातल्या विहिरीचं पाणी आता मचूळ झालंय, बोअरचं खारट, म्हणून टाकीत टँकर उतरतो आणि त्याच टाकीतली बादली सॅक्रिस्टीत जाते. टँकर कुठून भरला कुणाला माहीत.

डॅन्यूबकाठ

व्हिएन्नातून लिहितोय, मूळ अलिबागचा, इथे बरीच वर्षं आहे. एक गोष्ट बातम्यांत येत नाही म्हणून सांगतो, या शहराच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, त्याची पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली आणि लोकांना तिचा फार अभिमान आहे, कुणीही नळाला ग्लास लावून पितं. म्हणजे इतकं उत्तम पाणी पात्रात ओतून, थंड हवेत, तरीही वर सांगितलेले आकडे आले. शहराच्या मध्यवर्ती कॅथेड्रलमध्ये दिवसभर पर्यटक, बरेच जण सहज म्हणून बोट बुडवतात, कुणी मुलाचा हात धुतल्यासारखं करतं. मी स्वतः हिंदू पण बायको इथली कॅथलिक, सासूबाईंकडे फ्रान्समधल्या लुर्द तीर्थावरून आणलेली मरियामातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली आहे निळ्या टोपणाची, त्यातलं पाणी त्या कधी बदलत नाहीत, ते संपू नये असंच वाटतं त्यांना. त्या बाटलीच्या तळाशी हिरवट शेवाळ दिसतं कारण ती खिडकीत उन्हात असते.

लुर्दला २०२० मध्ये करोनामुळे स्नानाची कुंडं बंद केली, तेव्हा तिथे नवीन पद्धत आली, पाणी ओंजळीत ओतून घ्यायचं, तोंडाला लावायचं. सासूबाई जाऊन आल्या, म्हणाल्या मला तेही तितकंच मनाला भिडलं.

रात्रपाळी

मी मुंबईत आयसीयूत नर्स आहे आणि कॅथलिक आहे. मला या धाग्यावर सगळ्यात जास्त हेच लिहायचंय, त्यामुळे लांबलं तर माफ करा.

पेशंटचे नातेवाईक वेलंकनीचं, लुर्दचं, मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन येतात. मी कधी कुणाला हाकलून दिलं नाही, कारण त्या बाईला नवऱ्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं. पण ते पाणी व्हेंटिलेटरच्या नळीजवळ, गळ्यावरच्या ट्रॅकिओस्टॉमीच्या भोकाजवळ, मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनच्या ड्रेसिंगवर, भाजलेल्या कातडीवर शिंपडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. स्यूडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यात वाढतो, सुदृढ माणसाला सहसा काही करत नाही, आणि भाजलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या माणसाला ठार करू शकतो, वर अनेक अँटिबायोटिकना दाद देत नाही. हे कल्पनेतलं नाही, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९२ सालीच केस छापून आली होती, खूप जखमा झालेल्या पेशंटला स्यूडोमोनासचं इन्फेक्शन झालं आणि त्याचा माग पवित्र पाण्यापर्यंत गेला. १९९६ मध्ये हॉस्पिटल इन्फेक्शनच्या जर्नलमध्येही पवित्र पाणी हा धोका म्हणून स्वतंत्र लेख आला.

मग मी काय करते ते सांगते. आमच्याकडे चॅपलन, म्हणजे हॉस्पिटलसाठी नेमलेले फादर येतात, त्यांना विनंती करून सीलबंद स्टराइल वॉटरची छोटी बाटली आशीर्वादित करून घेतो. नातेवाईकांना सांगते की हे फादरांनी पेशंटसाठीच आशीर्वादित केलंय, कपाळाला एक थेंब, गॉजवर घेऊन, बास. अजूनपर्यंत कुणी नाही म्हटलं नाही. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बाळ अगदी सिरियस असेल तर नर्सनेच तातडीचा स्नानसंस्कार द्यायची वेळ येते, तो कुणीही देऊ शकतं आणि त्याला आशीर्वादित पाणीही लागत नाही, साधं खरं पाणी चालतं, मग स्टराइल पाण्याचे थेंब डोक्यावर सोडायचे आणि शब्द म्हणायचे. तो क्षण कसा असतो ते इथे लिहिता येणार नाही मला.

शेवंता

वाचतेय, खूप माहिती मिळतेय. हे फक्त चर्चचं नाही, आमच्याकडे तीर्थाच्या भांड्याचंही असंच आहे, तांब्याचं असतं म्हणून थोडं बरं एवढंच. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात असं सिद्ध झालंय ना? मग चर्चमध्ये तांब्याचं पात्र ठेवलं तर? आणि २०१२ मध्ये मुंबईतल्या इर्ल्याच्या चर्चचं ते क्रुसातून पाणी ठिबकतं म्हणून लोक प्यायले होते तेही पवित्र पाणीच का?

पायरीवर

नाही, इर्ल्याचं ते आशीर्वादित पाणी नव्हतं. वेलंकनी मातेच्या चर्चबाहेरच्या क्रुसाच्या पायाजवळ थेंब जमत होते, लोक ते गोळा करत होते, काही प्यालेही. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू तिथे गेले आणि त्यांनी दाखवलं की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाटेतून ओल भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतेय. त्यानंतर त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. मला त्या प्रकरणाचं वाईट वाटतं ते याचं की पाणी कुठून येतंय हे बघणं ही काळजी होती, तिला श्रद्धेवरचा हल्ला मानलं गेलं. २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून सगळ्या धर्मांचे लोक लहान मुलांना पाजत होते, तेव्हाही महापालिका पिऊ नका म्हणून सांगत होती. माणूस पाण्याजवळ असा भाबडा होतो, धर्म कुठलाही असो.

पेशीभित्तिका

तांब्याचं खरं आहे, २०१२ चा एक भारतीय अभ्यास आहे, तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर मुद्दाम घातलेले जुलाबाचे जंतू सापडले नाहीत. पण तिथे भांडं झाकलेलं आणि पाण्यात कुणी हात घालत नव्हतं. चर्चमध्ये दर मिनिटाला नवं बोट. शिवाय तांब्याच्या आतून तेलकट थर बसला की तांबं पाण्याला लागतच नाही. पितळेचं, तांब्याचं आतलं भांडं ठेवा जरूर, काढून घासता येतं हा खरा फायदा, पण त्याच्या भरवशावर पाणी महिनाभर ठेवू नका.

मिठाबद्दलही कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगते.

सुकेळी

मी विचारणारच होतो. जुन्या विधीत फादर मिठावर वेगळी प्रार्थना म्हणून ते पाण्यात घालायचे. अलीशा संदेष्ट्याने यरीहोच्या झऱ्यात मीठ टाकून पाणी बरं केलं ते दुसऱ्या राजांच्या पुस्तकात आहे, दुसरा अध्याय. आता बरेच फादर घालत नाहीत.

पेशीभित्तिका

काका, विधीतलं मीठ चिमूटभर असतं, त्याने जंतूंना काहीच होत नाही. लिटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास घातलं तर बहुतेक जंतू वाढत नाहीत, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस दहा टक्के मिठातही मजेत वाढतो, म्हणून घामट कातडीवर टिकतो, आणि चर्चमधल्या पात्रात नेमका तोच सापडला होता. वर एवढ्या मिठाने पितळ खराब होतं, संगमरवर पांढरट होऊन झिजतो, बोटाला चीर असेल तर झोंबतं ते वेगळंच. प्रार्थनेसाठी मीठ घाला, निर्जंतुक करायला घालू नका.

पायरीवर

चालू विधीत मीठ ऐच्छिक आहे, तिथल्या प्रथेप्रमाणे. काकांचं बरोबर आहे.

मांडवीपार

गोव्यातून. आमच्याकडे करोनात २०२० साली सगळी पात्रं रिकामी झाली, नंतर पुन्हा भरली तेव्हा आमच्या चर्चने दारात सेन्सरवाला डिस्पेन्सर बसवला, हात खाली धरला की थेंब पडतात. ही कल्पना इटलीत २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी आली, लुचियानो मराबेझे नावाच्या माणसाने मिलानजवळच्या फोर्नाचीच्या चर्चसाठी मातीच्या घटासारखा दिसणारा डिस्पेन्सर केला होता. सुरुवातीला म्हाताऱ्या माणसांना विचित्र वाटलं, आता सगळ्यांना सवय झाली.

पण एक सांगतो, आमच्या मशीनची आतली टाकी कित्येक महिने कुणी उघडली नव्हती, उघडली तर आत गुलाबी थर. म्हणजे मशीन आणलं की काम संपलं असं नाही.

पेशीभित्तिका

गुलाबी थर बाथरूमच्या टाइल्सवर दिसतो तसाच असणार, ओलसर जागी वाढणारे जंतू. टाकी आणि तोटी दोन्ही आठवड्याला धुवायची.

गोदाकाठ

मी श्रीरामपूरकडचा. दरवर्षी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, महाराष्ट्रभरातून लोक येतात, त्या गर्दीत उघड्या पात्राला काही अर्थच राहत नाही. माझ्या मते यात्रेत फक्त शिंपडण्याचं पाणी असावं. फादर नव्या भरलेल्या बादलीतून डहाळीने शिंपडतात, त्यात कुणाचा हात जात नाही, सगळ्यांवर थेंब पडतात, लोकांनाही ते जास्त आवडतं. आणि बाटल्या भरून द्यायच्या तर नळाची पिंपं, खाली तोटी, वर झाकण.

आणखी एक, जे कुणी लिहिलं नाही. डास! पात्रातलं पाणी दिसायला स्वच्छ, सावलीत, साचलेलं, डेंग्यूच्या डासाला नेमकं असंच लागतं. आमच्या गावात आरोग्य खात्याची आशाताई कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा म्हणून घरोघरी सांगते, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांच्या बशा सगळं बघते, पण चर्चच्या पात्रात डोकावायला ती बिचारी कचरते. आपणच बघायला हवं. लहान गावात मिस्सा महिन्यातून एकदा होते, मधले दिवस ते पात्र तसंच भरलेलं.

पेशीभित्तिका

फार महत्त्वाचा मुद्दा. डेंग्यूच्या या एडिस डासाला अंड्यापासून उडायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्याचा. आणि अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवलेली असतात, पाणी ओतलं तरी ती राहतात आणि कोरडीही महिनोन् महिने टिकतात. म्हणून घासणं. @बावखल, तुम्ही सांगितलेलं ते काळपट कडं घासलंच पाहिजे असं म्हणायचं हे दुसरं कारण.

रात्रपाळी

स्नानसंस्काराबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे एका रविवारी पाच-सहा बाळांचा एकदम असतो. एकाच भांड्यातलं पाणी शिंपल्याने घेऊन बाळाच्या डोक्यावर, आणि ते डोक्यावरून पुन्हा त्याच भांड्यात. शेवटच्या बाळाच्या डोळ्यात-तोंडात आधीच्या सगळ्यांचं पाणी जातं. एखाद्याच्या डोक्यावर खपली असते, कुणाला सर्दी. जुन्या युरोपातल्या काही पात्रांना दोन कप्पे असतात, एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात डोक्यावरून ओघळलेलं. आपल्याकडे हे पाण्याच्या एका जगने होईल. जगमधून ओता, खाली वेगळा वाडगा धरा, प्रत्येक बाळाला ताजं पाणी.

बावखल

मंडळी, बुधवारी कमिटीची मीटिंग झाली. पायरीवर यांनी सांगितलेला स्नानसंस्काराच्या प्रस्तावनेचा मुद्दा मी मराठी विधीच्या पुस्तकात शोधून खूण लावून नेला होता, तोच सगळ्यात आधी ठेवला. फादरांनी वाचला आणि म्हणाले हे आपण रोज हातात घेतो ते पुस्तक आहे. मग पुढे बोलणं सोपं गेलं. एका काकांनी विचारलं की लोकांना वाटेल पाण्यात शक्ती नाही म्हणून धुताय, त्यावर फादर म्हणाले की कॅलिस (मिस्साचा प्याला) मी प्रत्येक मिस्साला पुसतो, ती काय त्यात शक्ती नाही म्हणून पुसतो का.

ठरलं ते असं. दर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी तिन्ही दारांची पात्रं रिकामी, पाणी बागेतल्या झाडाखाली. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासायचं, नवं पाणी उकळून गार केलेलं, फादर ते तेव्हाच आशीर्वादित करणार. पात्र फक्त दोन बोटं भरायचं, भर घालायची नाही. स्पंज गेला. घरी न्यायला पाणी हवं असेल त्यांच्यासाठी सॅक्रिस्टीजवळ तोटीचं झाकणाचं स्टीलचं पिंप, त्यावर पाटी की हे पिण्यासाठी नाही. यूथच्या मुलींनी पाळी लावून घेतली. स्नानसंस्काराला जग आणि वाडगा, ते पुढच्या रविवारपासून.

एक शंका राहिली. संगमरवरावर ब्लीच चालेल का? आणि ते काळपट कडं साबणाने निघत नाहीये, कुणीतरी लिंबू-व्हिनेगर लावा म्हणतंय.

पेशीभित्तिका

लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, काहीच आंबट संगमरवराला लावू नका, दगड विरघळतो आणि खडबडीत होतो, मग थर आणखी घट्ट बसतो. खायच्या सोड्याची पाण्यात लापशी करा, कड्यावर थापून ओलं फडकं झाकून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ नायलॉनच्या ब्रशने गोलगोल घासा, तारेची घासणी नको. एकदा निघालं की दर आठवड्याला साबण पुरेल. ब्लीच महिन्यातून एकदा, अगदी पातळ, लिटरभर पाण्यात दोन चमचे, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवून पूर्ण सुकू द्या. सोडा किंवा साबणाशी एकत्र करू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.

सुकेळी

बाय, शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. त्या मुलींना पहिल्या वेळी पात्र भिंतीतून कसं सोडवायचं ते दाखवतो, खाली एक पितळी खीळ असते, ती डावीकडे फिरवली की आतलं भांडं सुटतं. वडिलांनी दाखवलेलं आहे मला. जोरात ओढू नका, जुना दगड आहे.

बावखल

काका, ती खीळ कुणालाच माहीत नव्हती, आम्ही आत हात घालून घासत होतो. शनिवारी नऊ वाजता या, मी मुलींना कळवते.